पिशोरच्या मांडवातून गारखेड्याचं पाणी

गारखेड्यातल्या गोदाई नगरीत नवं बिऱ्हाड आलं आणि त्यांनी रामेश्वरला विचारलं, "भाऊ, तुम्ही काय काम करता?" की तो सांगायचा, "पळतो." थट्टा नव्हती ती. दर पाचव्या दिवशी, पाण्याच्या पाळीला, हा पिशोरचा पठ्ठ्या दुपारी दोन ते पाच अक्षरशः पळत असायचा. गळ्यात नऊ किल्ल्यांचा जुडगा, पायात स्लीपर, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "अहो, आमची मोटार!"

आता नऊ किल्ल्या कशाला, ते ऐका. गोदाई नगरीत बिल्डिंगा नऊ. बिल्डर एक, रंग एक, जिने एकसारखे, इतके की पाव्हणे चुकून भलत्याच घरात चहा पिऊन यायचे. पण चेअरमन मात्र नऊ, आणि नऊच्या नऊ एकमेकांवर काडीचा भरवसा न ठेवणारे. महापालिकेचं पाणी खालच्या मोठ्या हौदात पडायचं आणि तिथून एकेका बिल्डिंगची मोटार ते आपल्या गच्चीवरच्या टाकीत चढवायची. वाटणी वीस-वीस मिनिटांची. आधी वॉचमन बटण दाबायचा, तेव्हा घड्याळावरून अशी भांडणं जुंपली, की मोटारी संगणकावर घ्यायचं ठरलं. म्हणजे मिनिटाची नोंद राहील आणि कुणाला तोंड उघडायला जागा उरणार नाही. शहाण्या माणसांनी एक संगणक घेतला असता. यांनी नऊ घेतले! ज्याचा त्याच्या जिन्याखालच्या खोलीत, ज्याच्या त्याच्या कुलपात. दुसऱ्याच्या संगणकावरून आमची मोटार चालली तर तो आमची पाच मिनिटं खाईल, ही प्रत्येकाला पक्की खात्री.

मग रामेश्वरला ठेवलं. पहिल्या बिल्डिंगचं कुलूप उघडायचं, मोटार चालू करायचा हुकूम टाईप करायचा, वीस मिनिटांनी बंद करायचा, कुलूप लावायचं आणि दुसरीकडं पळायचं. ते साल सोळा. धरणाच्या तळात पोरं क्रिकेट खेळायची, आणि इकडं शहरात दर महिन्याला नवी बिल्डिंग उभी राहायची. नळ कोरडे आणि फ्लॅट बुक! अशा दिवसांत गच्चीवरून पाणी ओसंडून वाहणं म्हणजे काय गुन्हा, हे सांगायला नको. एक मिनिट जास्त झालं तरी रामेश्वरच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

त्याच्या पिढ्या तशा मेंढरं राखणाऱ्या. पिशोरच्या बाहेर वस्ती, वडील लवकर गेले, मागं माय आक्काबाई, हा आणि धाकटी अक्षदा. बाराच्या दुष्काळात वस्तीवर मेंढरांना पाला राहिला नाही, तेव्हा कळप गोदाकाठाकडं उतरवायचा ठरला. रामेश्वर शहरात संगणकाचा डिप्लोमा करत होता. तो दप्तर गुंडाळून घरी आला, तर अक्षदा म्हणाली, "दादा, तू शिक. मेंढरं मी बघते." चहा टाकते म्हणावं इतक्या सहज म्हणाली. दहावीची पुस्तकं फळीवर ठेवली आणि मायसंगं चालायला लागली. दोन वर्षं चालली पोरगी. रामेश्वरला त्याचं काय वाटायचं ते त्यानं तिला कधी सांगितलं नाही. सांगायला गेला की अक्षदा हसायची.

तर त्या अक्षदाचं लग्न ठरलं. मुलगा अजिंठ्याचा, खंडेराव, ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान. सगळं छान. फक्त तारीख आली ती नेमकी पाण्याच्या पाळीची! अक्षदानं फोनवर बजावलं, "दादा, नवरदेवाचा कान तूच पिळायचा. मुंजाबानं हात लावला ना, तर मी मांडवातून उठून जाईन, सांगून ठेवते." मुंजाबा म्हणजे चुलतभाऊ. सख्खा भाऊ हजर नसला की कान पिळायचा मान चुलत्याच्या पोराकडं जातो, आणि मुंजाबा तर वस्तीवरच्या प्रत्येक लग्नात बाह्या सरसावून तयारच असायचा.

रामेश्वर चार नंबरच्या आप्पासाहेबांकडं गेला. ते निवृत्त हेडमास्तर आणि नऊ चेअरमनांमध्ये थोरले. त्यांनी पत्रिका शांतपणे वाचली. "बहिणीचं लग्न! जा की मग. नाही कोण म्हणतंय?" रामेश्वर खूश. तेवढ्यात ते म्हणाले, "फक्त दोन ते पाच इथं राहा."

बिचारा जिन्यात बसला. काय करावं? बसल्या बसल्या हिशोब केला, की मी नऊ खोल्यांत जाऊन करतो काय? दोन ओळी टाईप करतो. नऊच्या नऊ संगणकांना इंटरनेट आहे. मग दोन ओळींना पाय कशाला पाहिजेत? पळायला मी लागतो, हुकमाला कुठं लागतो! तो ताडकन उठला आणि वॉचमन कडूबाला मिठीच मारली. कडूबाला वाटलं, याला ऊन लागलं.

दुपारच्या मोकळ्या वेळात त्यानं प्रोग्राम लिहायला घेतला. चाळीस-एक ओळींचा. काम सरळ होतं. प्रोग्राम त्याच्या लॅपटॉपवर चालणार, पण तिथूनच एक नंबरच्या संगणकाचं दार ठोठावणार, नाव आणि पासवर्ड सांगणार, 'मोटार चालू कर' म्हणणार. वीस मिनिटं थांबणार, 'बंद कर' म्हणणार, निरोप घेणार आणि दोन नंबरकडं जाणार. लॅपटॉप गारखेड्यात असो नाहीतर पिशोरला, पलीकडच्याला काय फरक पडतो!

पहिल्या पाळीला लावला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, प्रोग्राम गप. एक नंबरची मोटारही गप. रामेश्वर किल्ल्या घेऊन पळाला. खोलीत बघितलं, सगळं ठीक. मग लॅपटॉपवर हातानं करून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच बोलत होते, त्यामुळं मध्ये सवाल उभा राहिला होता, 'हे मशीन ओळखीचं नाही, पुढं जायचं का? हो की नाही?' आणि प्रोग्राम मुखदुर्बळ. त्याला हुकूम सोडायला शिकवलेलं, सवालाला उत्तर द्यायला नाही. मुलगी बघायला गेल्यावर सगळे नुसतेच पोहे खात बसतात, तसं चाललं होतं. रामेश्वरनं लॅपटॉपवरून नऊही संगणकांना एकदाच 'हो' म्हणून ओळखपाळख करून दिली.

दुसऱ्या पाळीला प्रोग्राम सुसाट सुटला. एक झाली, दोन झाली, तीन झाली. रामेश्वर खुर्चीत बसून चहा पीत होता, साहेबासारखा. तेवढ्यात तीन नंबरमधून आरोळी, "अहो, आमच्यात थेंब नाही!" झालं होतं काय, तर तिथला संगणक सरळ म्हणाला होता, 'मोटार सापडत नाही.' वायर निघालेली. पण प्रोग्रामनं ते ऐकलंच नव्हतं. हुकूम सोडला, वीस मिनिटं मोजली आणि चालता झाला.

त्यानं ही फजिती आक्काबाईला फोनवर सांगितली. माय हसत सुटली. "आरं बाबा, हाक मारली म्हंजी मेंढी आली असं असतंय व्हय? वळून बघावं लागतंय, आली का नाय आली!" रामेश्वरनं त्याच दुपारी प्रोग्रामला वळून बघायला शिकवलं. प्रत्येक हुकमाचं उत्तर वाचायचं, 'चालू' आलं तरच घड्याळ लावायचं, काही वावगं आलं की शिट्टी वाजवायची.

तिसऱ्या पाळीला नऊच्या नऊ टाक्या भरल्या. एक थेंब सांडला नाही. रामेश्वर आणि कडूबा पार्किंगमध्ये नाचले. सात नंबरच्या आशाबाईंनी मात्र काळजीनं विचारलं, "आज तुम्ही पळाला नाहीत. तब्येत बरी नाही का?"

लग्नाच्या दिवशी रामेश्वर नवा शर्ट घालून, लॅपटॉप घेऊन वस्तीवर. पत्रिकेत मुहूर्त अकरा पंचेचाळीस. त्यानं बेत आखला होता. बाराला लग्न, साडेबाराला कान, एकला जेवण, आणि दोनला आरामात प्रोग्राम. आहे का नाही कमाल! ज्या माणसानं आपल्या मुलखातली शंभर लग्नं बघितली, त्यानं छापलेला मुहूर्त खरा धरला! मशीनशी बोलून बोलून त्यालाही मशीनसारखं वाटायला लागलं होतं, की लिहिलंय म्हणजे तसंच होणार.

अकरा पंचेचाळीसला मांडवात गुरुजी आणि दोन कुत्री होती. साडेबाराला वऱ्हाड आलं. दीडला नवरदेव घोड्यावर बसला आणि परण्या, म्हणजे त्याची मिरवणूक, निघाला. मारुतीच्या देवळापर्यंत अंतर किती? पळत गेलं तर चार मिनिटं. पण पुढं बँजो! अजिंठ्याची पोरं एका जागी अर्धा अर्धा तास नाचली. घोडा कंटाळून मागं फिरायला लागला.

बरोबर दोनला कडूबाचा फोन. "भाऊ, हौदात पाणी पडलं!" वस्तीवर नेट मिळायचं ते फक्त बाभळीखालच्या दगडावर. रामेश्वरनं तिथं बाज टाकून, डोंगल लावून लॅपटॉप मांडला होता. त्यानं प्रोग्राम सुरू केला. एक नंबर चालू! तो पळत परण्यात गेला, दोन गिरक्या घेतल्या, पळत बाभळीखाली आला. एक बंद, दोन चालू! परत परण्यात. लग्नघरचा भाऊ सारखा कुठं पळतोय, कुणाला काही कळेना. पाव्हण्यांनी आपापसात ठरवलं, पोट बिघडलं असेल. एका म्हातारीनं लिंबूपाणीसुद्धा आणून दिलं.

चार वाजले. सहा टाक्या भरल्या होत्या, सात नंबर चालू झाली होती, आणि गुरुजींनी माईकवर आवाज दिला, "सावधान!" मंगलाष्टका, अक्षता, टाळ्या, बँजो, सगळं एकदम. लग्न लागलं आणि पाचशे वऱ्हाड्यांनी पाचशे फोन काढले. जो तो फोटो पाठवायलाय! वस्तीवरचं ते मूठभर नेट, त्यात एवढे हात. रामेश्वरनं बाभळीकडं धाव घेतली, तर पडद्यावर लाल ओळ आली होती. संपर्क तुटला.

त्यानं घड्याळ बघितलं. चार वाजून बारा मिनिटं. चार वीसला सातची मोटार बंद झाली नाही, तर टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहणार, हौद रिकामा होणार आणि आठ-नऊ नंबरच्या अठ्ठेचाळीस घरांना पुढचे पाच दिवस कोरडे. बोलणं तेवढं होत होतं फोनवर. "कडूबा, सातच्या खोलीत जा अन् मेन स्विच पाड!"

"भाऊ, कुलूप हाय. किल्ली कुठंय?"

रामेश्वरनं गळ्याला हात लावला. नऊच्या नऊ किल्ल्या पिशोरच्या मांडवात.

आता तुम्ही म्हणाल, मोटार चालू करतानाच 'वीस मिनिटांनी तुझी तू बंद हो' असं पलीकडच्याला सांगून ठेवता आलं असतं की! म्हणजे मध्येच संपर्क तुटला तरी हरकत नाही. बरोबर आहे तुमचं. रामेश्वरलाही ते सुचलं, पण दुसऱ्या दिवशी. आज तो चाळीस वसाहतींच्या मोटारी एका खुर्चीत बसून चालवतो, आणि थांबायचा हुकूम आधी पोचवल्याशिवाय सुरू व्हायचा हुकूम सोडत नाही. ते शहाणपण त्या दिवशीच्या घामातून आलेलं.

गावात गेलं तर नेट होतं. फटफटीवर दहा मिनिटं. तो फटफटीकडं वळला, आणि माईकवर गुरुजी म्हणाले, "नवरीच्या भावानं कान पिळायला यावं." मुंजाबा लगेच उठला. बाह्या आधीच वर होत्या. रामेश्वरनं मांडवाकडं बघितलं. होमाच्या धुरात, मुंडावळ्यांच्या आडून अक्षदा त्याच्याकडंच बघत होती. रागानं नाही. घाबरून बघत होती ती. एकटी मेंढरामागं गोदाकाठ हिंडलेली पोरगी, तिला घाबरलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

"गेलं खड्ड्यात पाणी!" रामेश्वर मोठ्यानं म्हणाला, आणि बाज, बाभळ, फटफटी सोडून मांडवात घुसला. मुंजाबाला बाजूला सारलं. खंडेरावच्या मागं उभा राहिला. अक्षदानं श्वास सोडला, तो त्याला ऐकू आला. त्याच वेळी खंडेरावच्या खिशात टिंग वाजलं. परत टिंग. आणखी एक टिंग. दुकानाच्या गिऱ्हाइकांचे निरोप.

रामेश्वरचे डोळे चमकले. मांडवात कुणाचा फोन हलेना आणि याचा टिंगटिंग वाजतोय! याचं सिम दुसऱ्या कंपनीचं! त्यानं खंडेरावचा उजवा कान धरला आणि असा पिळला, की नवरदेव पाटावरून टीचभर वर उठला.

"मागा, मागा, काय मागायचं ते!" नवरदेवाचा मामा हसत पुढं आला. पोशाख, टोपी, अंगठी, सगळं ताटात तयार होतं.

"पोशाख नको. नेट पायजे."

"काय पायजे?"

"पाव्हण्याच्या फोनचं नेट! हॉटस्पॉट! आत्ताच्या आत्ता!" आणि कानाला आणखी एक पीळ.

"अगं आई! देतो, देतो!" खंडेराव कळवळला. एका हातानं फोन काढून त्यानं ते सुरू केलं. दुकानदार माणूस, सवयीचं काम. "झालं. सोडा आता."

"पासवर्ड?"

कानाच्या आधी खंडेरावचं तोंडच लाल झालं.

"पासवर्ड सांगा पाव्हणं, पाणी चाललंय!"

"अक्षदा," खंडेराव हळूच म्हणाला. "अक्षदा... एक दोन तीन."

माईक समोरच होता. सगळ्या मांडवानं ऐकलं. असा काही गलका उठला, की घोडा खुंट्यासकट पळाला. अक्षदानं शालूत तोंड लपवलं आणि तिचे खांदे गदागदा हलायला लागले. इकडं आक्काबाई बाभळीखालून लॅपटॉप घेऊन आली होती, कोकरू उचलावं तसा दोन्ही हातांत. तिनं तो होमाशेजारी ठेवला. रामेश्वरनं एका हातात कान तसाच धरून दुसऱ्या हातानं पासवर्ड टाकला. प्रोग्राम जागा झाला. सात नंबरचं दार ठोठावलं, ओळख सांगितली, हुकूम सोडला आणि वळून बघितलं.

'मोटार बंद.' चार वाजून एकोणीस मिनिटं.

पाठोपाठ कडूबाचा फोन. "भाऊ, सात बंद! आठ सुरू झाली! आशाबाई देवापुढं साखर ठेवायल्यात!" रामेश्वर दोन्ही हात वर करून नाचला. त्याच्या मागं अजिंठ्याची पोरं नाचली. कशासाठी, ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांना बँजो वाजला की पुरे होतं. नवरदेवाचा फोन पाच वाजेपर्यंत लॅपटॉपला चिकटून राहिला. सप्तपदीला खंडेराव तो हातात धरून फिरला, कारण लांब गेलं की नेट तुटायचं, म्हणून लॅपटॉप घेऊन मुंजाबाला त्याच्या मागं सात पावलं चालावं लागलं. एकदाचा मान मिळाला गड्याला.

पाचला पाठवणी. गाडी सजून उभी. बायका पदर डोळ्याला लावून तयार. आक्काबाईनं हुंदका दिला. आणि अक्षदा हसायला लागली. दाबायला गेली तर आणखीच हसू आलं.

"दादा, लोक अंगठ्या मागत्यात रे! तू काय मागितलंस!"

तिचं बघून बायका हसल्या, गुरुजी हसले, लाल कानाचा खंडेरावही हसला. रामेश्वर पुढं झाला. आज सांगायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. "अक्षे, ती दोन वर्षं... तू मेंढरामागं गेलीस, म्हणून मी शिकलो. मी तुला कधी बोललो नाय. मला लई..."

अक्षदानं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला, धाकटी असून. "तू निघाला होतास, ते बघितलं मी. अन् परत आलास, तेबी बघितलं. बास की." मग परत तिला हसू फुटलं. गाडी सुटली, तरी काचेतून तिचं हसणं दिसत होतं.

रामेश्वर तिथंच मातीत बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. खिशात फोन वाजत होता. त्यानं तो कानाला लावला, पण बोलता येईना, नुसता रडत राहिला.

"भाऊ?" पलीकडून कडूबा घाबरून विचारत होता. "भाऊ, कामून रडायलात? नऊ नंबरची भरली की! पार काठोकाठ भरली!"